लग्नानंतर नेपाळ : काठमांडूची देवळे आणि पोखऱ्याचा तलाव आठ रात्रींत बसवावा कसा?

मलप्रभाकाठची

सर्वांना नमस्कार. माझे माहेर खानापूर तालुक्यातले आणि होणारे सासर निपाणीकडचे आहे. तुळशीची लग्ने झाल्यानंतर मार्गशीर्षात आमचे लग्न ठरले असून मंगसुळीच्या खंडोबाचे दर्शन, घरचा गोंधळ आणि पाचपरतावण आटोपल्यावर, म्हणजे साधारण डिसेंबरच्या मध्यावर, आठ रात्रींसाठी नेपाळला जाण्याचा आमचा विचार आहे. मी शाळेत शिकवते, त्यामुळे याहून अधिक रजा मिळणार नाही.

अडचण अशी आहे, की प्रत्येकाच्या मनातला नेपाळ वेगळा आहे. ह्यांना (आतापासूनच असे लिहिण्याची सवय करते आहे) पोखऱ्याच्या तलावाकाठी निवांत राहायचे आहे. मला काठमांडू, पाटण आणि भक्तपूर ही जुनी शहरे पायी फिरून पाहायची आहेत. सासूबाईंनी मात्र पशुपतिनाथाबरोबर मुक्तिनाथाचेही दर्शन घेऊन या, असे सुचवले आहे आणि पहिल्याच गोष्टीला नकार देणे मला जड जात आहे.

मुक्तिनाथ डिसेंबरमध्ये करावे का, बेळगावहून रेल्वेने गोरखपूरमार्गे जाणे परवडेल का, आणि पासपोर्टवर माझे माहेरचे नाव आहे त्याचे काय करावे, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.

शहापूरकर

आपले अभिनंदन. आम्ही उभयता काही वर्षांपूर्वी डिसेंबरमध्येच गेलो होतो, त्यामुळे त्या ऋतूपुरते बोलण्याचा मला थोडा अधिकार आहे.

प्रथम रेल्वेचा विचार मनातून काढून टाकावा. डिसेंबरच्या मध्यापासून गंगेच्या मैदानात आणि नेपाळच्या तराईत दाट धुके पडते, गाड्या अनेक तास उशिरा धावतात, आणि गोरखपूरला उतरल्यावरही सुनौलीची सीमा ओलांडून पुढे डोंगरातला पूर्ण दिवसाचा प्रवास उरतोच. आठ रात्रींपैकी तीन रात्री अशा रस्त्यावर घालवण्यापेक्षा बेळगावच्या सांबरा विमानतळावरून दिल्ली गाठावी आणि तेथून थेट काठमांडूचे विमान घ्यावे. दिल्लीहून जाताना डाव्या बाजूची खिडकी मागून घ्यावी, कारण हवा स्वच्छ असेल तर हिमालयाची रांग त्याच बाजूला बराच वेळ सोबत करते. उतरल्यावर घड्याळ पंधरा मिनिटे पुढे करायचे असते. ही पंधरा मिनिटे विसरल्याने आमची एक बस चुकली होती.

आता शहरांविषयी लिहितो, कारण आपला ओढा तिकडे आहे आणि माझाही आहे. काठमांडू, पाटण आणि भक्तपूर या एकाच खोऱ्यातल्या, मल्ल राजांच्या तीन राजधान्या होत्या. तिन्ही राजघराणी एकाच वंशातली असूनही एकमेकांशी चढाओढ करीत, आणि त्या चढाओढीतून उभे राहिलेले चौक आज आपण पाहतो. बहुतेक प्रवासी काठमांडूत मुक्काम करतात आणि भक्तपूर अर्ध्या दिवसात उरकून परततात. माझ्या मते ही मोठी चूक आहे. भक्तपूरला निदान एक रात्र राहावे. दुपारी सहलीच्या बसगाड्या निघून गेल्या, की त्या विटांच्या गल्ल्यांत मातीची मडकी वाळत घातलेली, उन्हात बसून म्हाताऱ्या बायका धान्य निवडताना, असे दृश्य उरते आणि आपण एखाद्या जुन्या पेठेत पाहुणे म्हणून आलो आहोत असे वाटू लागते.

तेथील न्यातपोल मंदिर 1702 मध्ये राजा भूपतीन्द्र मल्ल याने बांधले. पाच छपरांचे हे देऊळ 1934 आणि 2015 या दोन्ही मोठ्या भूकंपांत उभे राहिले. त्याच्या पायऱ्यांवर राखणदारांच्या पाच जोड्या आहेत. सर्वांत खाली दोन पैलवान, त्यांच्यावर हत्ती, मग सिंह, मग शार्दूल आणि सर्वांत वर दोन देवता. प्रत्येक जोडी खालच्या जोडीपेक्षा दहापट बलवान, अशी तेथील समजूत आहे, आणि सामान्य माणसापेक्षा दहापट बळ असलेल्या पैलवानाला तेथे सर्वांत खालची पायरी मिळते. आमच्या भागातल्या तालमीत वाढलेल्या माणसाला हे पाहून जरा अपमान वाटतो. गमतीचा भाग सोडला, तरी त्या पायऱ्यांवर संध्याकाळी नुसते बसून राहणे हा आमच्या प्रवासातला सर्वांत चांगला तास होता. भक्तपूरचे ‘जुजु धौ’ म्हणजे मातीच्या वाडग्यात लावलेले घट्ट, गोडसर दही. आपल्या बेळगावी कुंद्याशी (दुधाच्या मिठाईशी) त्याची तुलना मी करणार नाही, कारण घरी परतायचे आहे.

पाटणचे कृष्णमंदिर 1637 चे आहे. नेवारी, म्हणजे या खोऱ्यातल्या नेवार लोकांची, देवळे बहुधा वीट आणि लाकडाची असतात, हे मात्र पूर्ण दगडी शिखरांचे आहे आणि त्यावर रामायण-महाभारताचे प्रसंग कोरलेले आहेत. काठमांडूच्या दरबार चौकातला काष्ठमंडप, ज्याच्यावरून शहराला नाव पडले, तो 25 एप्रिल 2015 च्या भूकंपात पूर्ण कोसळला होता आणि जुन्याच पद्धतीने लाकडात पुन्हा उभारण्यात आला. या चौकांत शिरताना शुल्क भरावे लागते, परंतु भारतासह सार्क (दक्षिण आशियाई) देशांच्या नागरिकांना ते बरेच कमी असते. त्यासाठी ओळखपत्र जवळ ठेवावे, अन्यथा परदेशी पाहुण्यांचा दर लागू होतो.

मुक्तिनाथ या खेपेस सोडावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

टिळकवाडीतला प्रवासी

फक्त कागदपत्रांविषयी लिहितो, कारण आम्हाला त्यातच फटका बसला होता.

नेपाळसाठी भारतीयांना व्हिसा लागत नाही, याचा अर्थ काहीही चालते असा अनेक जण घेतात. विमानाने जाताना मूळ पासपोर्ट किंवा मूळ मतदार ओळखपत्र लागते. पंधरा ते पासष्ट या वयातल्या प्रवाशांचे आधार कार्ड त्यासाठी ग्राह्य धरत नाहीत आणि मोबाईलमधील छायाचित्रही चालत नाही. आपल्या पासपोर्टवर माहेरचे नाव असेल, तर तिकीट त्याच नावाने, त्याच स्पेलिंगने काढावे. लग्नानंतरचे नाव हौसेने तिकिटावर घालू नये. नाव बदलण्याचे काम परत आल्यावर सावकाश करता येते.

आमच्या बाबतीत तिकीट मतदार ओळखपत्राच्या आधारावर काढले होते. आपल्याकडच्या कार्डांवर नाव कन्नडमधून इंग्रजीत जाताना कधी एखादे अक्षर वाढते, कधी आडनावाचे रूपच बदलते. आमच्या सौभाग्यवतींच्या आडनावात असाच फरक निघाला आणि दिल्लीच्या काउंटरवर दीड तास विनवण्या कराव्या लागल्या. पासपोर्ट असेल तर तोच न्यावा आणि कार्ड पिशवीत जादा ठेवावे.

पैशांविषयी एक सूचना आहे. शंभर भारतीय रुपयांचे 160 नेपाळी रुपये होतात आणि हा दर 1993 पासून स्थिर आहे. दुकानदार भारतीय चलनाला ‘आयसी’ आणि नेपाळी चलनाला ‘एनसी’ म्हणतात. किंमत ठरवण्यापूर्वी कोणते रुपये ते विचारून घ्यावे. मोठ्या भारतीय नोटांचे नियम बदलत आले आहेत, म्हणून शंभरच्या नोटा भरपूर न्याव्यात.

कडोलीची सून

शहापूरकरांनी मुक्तिनाथाला एका वाक्यात निकालात काढले, ते मला पटले नाही, तरी त्यांचा निष्कर्ष मात्र मला मान्य आहे. कारण सांगितले, तर सासूबाईंनाही पटवून देता येईल.

मुक्तिनाथ सुमारे 3,700 मीटर उंचीवर आहे. पोखऱ्याहून लहान विमानाने जोमसोमला जाता येते, परंतु काळी गंडकीच्या त्या अरुंद खोऱ्यात दुपारच्या आतच जोराचा वारा सुटतो, म्हणून विमाने सकाळच्या थोड्या तासांतच उडतात, आणि हवा बिघडली की एक-दोन दिवस तेथेच अडकण्याची वेळ येते. आठ रात्रींच्या प्रवासात ही जोखीम परवडत नाही. शिवाय डिसेंबरमध्ये तेथे पारा शून्याखाली जातो आणि देवळामागच्या 108 धारांखालून नवऱ्यासह ओलेते जाण्याची वेळ आली, तर मधुचंद्राऐवजी दवाखान्याची आठवण राहील. माझ्या सासूबाईंना मी एवढेच सांगितले होते, की तुळशीच्या लग्नात तुळशीशेजारी आपण जो शाळिग्राम ठेवतो, तो याच काळी गंडकीच्या पात्रात सापडतो, आणि तिच्या उगमाकडे आपण सगळे मिळून वैशाखात जाऊ. त्या लगेच तयार झाल्या, किंबहुना आता त्याच तारखा विचारत असतात.

पशुपतिनाथाविषयी एक गोष्ट आधीच माहीत असावी. मंदिर बागमतीच्या काठी आहे आणि त्याच काठावर दिवसभर चिता जळत असतात. संध्याकाळची आरती समोरच्या तीरावरून पाहतात, तेव्हा आरती आणि चिता एकाच नजरेत येतात. आमच्याबरोबरच्या एका नवविवाहित जोडप्याला कोणी कल्पना दिली नव्हती आणि मुलगी फार बावरली. काही घरांत नव्या नवरीने हे पाहू नये असे मानतात. तसे असेल तर सकाळी लवकर पश्चिमेच्या मुख्य दरवाजाने दर्शन घेऊन परतावे. मला स्वतःला ती आरती फार आवडली, पण हा निर्णय ज्याचा त्याने घ्यावा. चामड्याचा पट्टा आणि पाकीट आत नेऊ देत नाहीत, मुख्य मंदिरात छायाचित्रे काढू देत नाहीत.

आणि एक आपल्या भागाच्या जिव्हाळ्याची गोष्ट. पशुपतिनाथाच्या लिंगाला चार दिशांना चार मुखे आहेत, पाचवे वरचे मुख निराकार मानतात, आणि त्याची पूजा करणारे भट्ट परंपरेने कर्नाटकातून येतात. 2008-09 च्या सुमारास तेथील सरकारने नेपाळी पुजारी नेमून पाहिले, तेव्हा मोठा विरोध झाला आणि निर्णय मागे घ्यावा लागला. माझ्या यजमानांनी दरवाजाशी उभे राहून कन्नडमध्ये दोन शब्द बोलताच आतल्या पुजाऱ्यांनी मान वर करून ‘यारू, यल्लिंद?’ (कोण, कुठून?) असे विचारले. बेळगावहून आलो म्हटल्यावर हातावर बेलपत्र पडले. घरी ज्या भाषेवरून आमचे रोज लटके वाद होतात, ती परदेशात अशी उपयोगी पडली.

पोखऱ्यात तीन रात्री अवश्य ठेवाव्यात. फेवा तलावाच्या मधोमध बेटावर ताल बाराहीचे देऊळ आहे, तेथे नावेने जातात. शनिवार नेपाळचा सुटीचा वार असल्याने त्या दिवशी नावांसाठी रांग लागते, तो टाळावा. डिसेंबरच्या सकाळी वारा नसतो, त्यामुळे माछापुच्छ्रेचे प्रतिबिंब पाण्यात पडते. हे 6,993 मीटरचे शिखर पवित्र मानतात आणि त्यावर चढाईला परवानगी नाही. गर्दी नकोशी झाली, तर अर्ध्या-पाऊण तासावर बेगनास तलाव आहे, जेथे दुकाने कमी आणि शांतता अधिक. डेव्हिस धबधबा मात्र डिसेंबरमध्ये पाणी आटलेले असल्याने सोडून द्यावा. उन्हाळ्यातला गोकाकचा धबधबा ज्याने पाहिला आहे, त्याला मी काय म्हणते ते कळेल.

मलप्रभाकाठची

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री दोन्ही घरची मंडळी बसली असताना मी हे सर्व वाचून दाखवले. शाळिग्रामाचा उपाय लागू पडला आणि मुक्तिनाथ वैशाखावर गेले. आता काठमांडूत दोन, भक्तपूरला दोन, पोखऱ्यात तीन आणि परतताना पुन्हा काठमांडूत एक रात्र, असे ठरवले आहे. काठमांडू ते पोखरा रस्त्याने जावे की विमानाने, आणि आम्ही दोघेही माळकरी घरातले असल्याने जेवणाचे कसे जमेल, एवढ्या दोन शंका उरल्या आहेत.

शहापूरकर

जाताना रस्त्याने जावे आणि येताना विमानाने यावे. अंतर जेमतेम दोनशे किलोमीटर असले, तरी रुंदीकरणामुळे आणि वाहतुकीमुळे पूर्ण दिवस धरून चालावे. वाटेत कुरिनटारला उतरून दोरीच्या पाळण्याने मनकामना देवीचे दर्शन घेता येते आणि दिवस सत्कारणी लागतो. नवविवाहित जोडपी तेथे आवर्जून जातात. देवीला बळी देण्याची प्रथा असल्याने पाळण्यात बोकडांसाठी केवळ जाण्याचे तिकीट मिळते. हे आधी सांगून ठेवतो, म्हणजे माळकरी मनाला धक्का बसणार नाही. परतीच्या विमानात डावी खिडकी घ्यावी आणि त्याच दिवशी काठमांडूहून दिल्लीचे विमान पकडण्याचा मोह टाळावा, कारण सकाळच्या धुक्यामुळे ही लहान विमाने वारंवार खोळंबतात. आपण शेवटची रात्र काठमांडूत ठेवली आहे, ते योग्यच केले.

जेवणाची चिंता नको. डाळ-भात-तरकारी सर्वत्र मिळते आणि डाळ-भात पुन्हा पुन्हा वाढतात. मोमो घेताना मात्र नीट विचारावे, कारण ‘बफ’ असे लिहिलेले असेल तर ते म्हशीचे मांस असते.

कडोलीची सून

एक राहिले. काठमांडूच्या साध्या हॉटेलांत खोली गरम करण्याची सोय बहुधा नसते आणि पहाटे पारा दोन-तीन अंशांवर येतो. शालूच्या घड्या घरी ठेवाव्यात आणि त्या जागी दोन जाड स्वेटर, कानटोपी आणि लोकरी मोजे भरावेत. कुंदा नेणार असाल, तर डबा घट्ट बंद करून मोठ्या सामानात ठेवावा. आम्ही हातातल्या पिशवीत ठेवला होता आणि तपासणीच्या वेळी तो काय पदार्थ आहे हे समजावून सांगता सांगता माझ्या यजमानांची हिंदी संपली.