मल्टीमास्टर आला कुठून?

मल्टीमास्टर म्हणजे थरथरत्या पात्याचं, हातात धरून कापायचं यंत्र. ते बनवणारी फाइन ही १८६७ ची जर्मन घराण्याची कंपनी आणि १८९५ चं हातातलं इलेक्ट्रिक ड्रिल त्यांचंच. पण मल्टीमास्टर त्या ड्रिलमधून आला नाही. तो आला दवाखान्यात प्लास्टर कापणाऱ्या करवतीतून. तिचं पातं गोल फिरत नाही, दोन-तीन अंशांत थरथरतं. कडक प्लास्टर कापलं जातं, मऊ कातडी पात्यासोबत हलते म्हणून वाचते.

नागपुरात कूलरसाठी जुनी सागवानी चौकट मल्टीमास्टरने कापताना हेच तत्त्व कामी येतं. आत खिळे असतातच, म्हणून बायमेटल पातंच लावा, म्हणजे लवचिक पोलादावर कडक पोलादाचे दात जोडलेलं. साध्या पात्याचे दात पहिल्याच खिळ्याला जातात. आणि दाबू नका! दाबलं की थरथर मंदावते, भुसा अडकतो, लाकूड काळं पडतं.