फॉर्मवरचा रकाना : अमेरिकेत तुम्ही स्वतःला काय म्हणवता? (अनुभव)

गेल्या महिन्यात घर बदललं, म्हणून लेकीच्या नव्या शाळेचा फॉर्म भरत होते. आम्ही एडिसनला राहतो, न्यू जर्सीत. पहिला प्रश्न : मूल हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिशभाषक मुळाचं, आहे का? नाही. दुसरा : वंश कोणता? हात सवयीने 'एशियन'वर गेला. लेक शेजारीच बसली होती. वय नऊ. म्हणाली, "आई, आपण तर मराठी आहोत. मराठीचा रकाना कुठे आहे?"

मला पटकन काही सांगता आलं नाही. रात्री वाचत बसले. १९२३ मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद या माणसाला सांगितलं की तुम्ही 'गोरे' ठरत नाही, तेव्हा नागरिकत्व मिळणार नाही. १९३० आणि १९४० च्या जनगणनेत भारतीयांचा वंश 'हिंदू' लिहायचा असा नियम होता. कॅलिफोर्नियात शेती करणारे पंजाबी शीखही त्यात हिंदू, मुसलमानही हिंदू. १९४६ मध्ये नागरिकत्वाचं दार किलकिलं झालं, पण भारतातून वर्षाला फक्त १०० माणसं. मोठा बदल १९६५ च्या स्थलांतर कायद्याने झाला. 'एशियन इंडियन' हा स्वतंत्र रकाना आला तो थेट १९८० मध्ये.

म्हणून हा धागा काढतेय. आपण कोण, हा प्रश्न तुमच्यासमोर कधी आला, कुणी विचारला, तुम्ही काय केलंत? मोठं लिहिलंत तरी चालेल. इथे वाढलेल्या मुलांनाही लिहायला सांगा. शुद्धलेखनाचा बाऊ नको.

शिकागो, १९६८ पासून

वय ८१. आलो तेव्हा परकीय चलनाचे मिळालेले आठ डॉलर खिशात होते. १९७० ची जनगणना चांगली आठवते, कारण तो फॉर्म आम्ही तिघांनी एकाच टेबलावर भरला. गोरे, काळे, जपानी, चिनी, फिलिपिनो, हवाईचे, कोरियन असे पर्याय होते आणि एक 'इंडियन', पण तो इथल्या आदिवासींसाठी. आमच्या गुंटूरच्या मित्राने आनंदाने त्यावर खूण केली. पुढे जमातीचं नाव लिहा असं होतं, तेव्हा उलगडा झाला आणि त्याने ते खोडलं. मी 'इतर'मध्ये 'भारतीय' लिहिलं. बऱ्याच वर्षांनी कळलं की त्या वेळी आम्हाला गोऱ्यांत मोजलं होतं.

त्याच वर्षी खोली शोधत होतो. फोनवर मालकीणबाई म्हणाल्या, रिकामी आहे, या. अर्ध्या तासात दारात पोचलो तर म्हणाल्या, आत्ताच गेली. पाटी खिडकीत तशीच होती. असं तीनदा झालं. चौथ्या वेळी एका पोलिश म्हाताऱ्याने खोली दिली. त्याला माझं नाव म्हणता येत नव्हतं, मला त्याचं. तो वारला तेव्हा त्याच्या मुलाने मला शवपेटीला खांदा द्यायला बोलावलं होतं.

महाराष्ट्र मंडळ १९६९ ला निघालं. पॅनकेकच्या तयार पिठात दुधाची पावडर घालून गुलाबजाम करायचो. आता सगळं दुकानात मिळतं. पण मंडळाच्या त्या वेळच्या गणपतीला जी चाळीसेक माणसं जमली होती त्यांतली सहाच राहिली आहेत, आणि दर रविवारी मी त्यांना फोन करतो.

जर्सी सिटी, १९८४ ते १९९३

हे मी कधी लिहिलेलं नाही. १९८७ च्या उन्हाळ्यात स्थानिक वर्तमानपत्रात एक पत्र छापून आलं होतं, 'डॉटबस्टर्स' अशा सहीचं. भारतीयांना इथून हुसकावून लावू असं त्यात होतं. 'डॉट' म्हणजे आमच्या कपाळावरची टिकली. सप्टेंबरात होबोकनला नवरोज मोदी यांना पोरांच्या टोळक्याने इतकं मारलं की ते गेले. ते पारशी होते. टिकलीचा त्यांच्याशी संबंधच नव्हता, पण मारणाऱ्यांना त्याचं काय?

मी टिकली लावायची बंद केली. कुणी सांगितलं नव्हतं. सकाळी लावायची आणि दाराबाहेर पडताना काढून न्हाणीघराच्या आरशाला चिकटवायची. संध्याकाळी आल्यावर तीच परत. तिचा गोंद जायचा, मग दुसरी. आरशाच्या कडेला रांग झाली होती.

त्या डिसेंबरात आई आली. दादरहून आणलेलं पिंजर, रुपयाएवढं कुंकू. मी तिला सांगायचा प्रयत्न केला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि नेहमीसारखं कुंकू लावून कोट घालून दारात उभी राहिली. "चल, दूध संपलंय." त्या तीन महिन्यांत मी रस्त्याच्या बाजूने चालायची, तिला आतल्या बाजूने. कोपऱ्यावर गाडीचा वेग जरा कमी झाला की माझ्या पोटात गोळा यायचा. तिला काही झालं नाही. तिला परतीच्या विमानात बसवून घरी आले आणि आरसा पुसून काढला.

टिकली मी आजही लावते. भीती मात्र गेलेली नाही. २००१ मध्ये ॲरिझोनात पेट्रोल पंपाबाहेर बलबीरसिंग सोढींना मारलं, २०१७ मध्ये कॅन्ससच्या एका बारमध्ये श्रीनिवास कुचिभोटलांना. दोन्ही वेळा माझा हात आधी कपाळावर गेला.

क्वीन्स, न्यूयॉर्क, २००४ पासून

मी वसईचा, सामवेदी ख्रिस्ती. घरात आमची कादोडी बोली बोलतो, शाळा मराठी, आडनाव पोर्तुगीज. त्यामुळे 'हिस्पॅनिक आहात का' या प्रश्नावर इथले कारकून माझ्या वतीने परस्पर 'हो' करून टाकतात. दवाखान्यातून फोन आला की समोरून थेट स्पॅनिश सुरू होतं. मला त्याचं वाईट वाटत नाही, ती माणसं आपुलकीने बोलतात.

मला लागलं ते वेगळंच. इथल्या एका दिवाळीच्या कार्यक्रमात माझी ओळख करून दिल्यावर एक काकू म्हणाल्या, "अय्या, मराठी किती छान बोलता तुम्ही! कुठे शिकलात?" आईच्या मांडीवर, असं म्हणालो. २०२० ला उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष आमच्या वसईचेच फादर दिब्रिटो होते. त्यांचं भाषण मुलांना शेजारी बसवून ऐकवलं. मुलगा म्हणाला, हे तर आजोबांसारखं बोलतात.

सिएटलजवळ, २०११ पासून

मला 'एशियन इंडियन'वर खूण करताना कधी अडचण आली नाही. खरं सांगायचं तर बरंच वाटलं होतं. या फॉर्मवर जातीचा रकाना नाही, कुणी दाखला मागत नाही, माझ्यासाठी ही मोठी गोष्ट होती.

मग मराठी माणसं भेटली. "गाव कुठलं?" नांदेड. "नांदेडमध्ये कुठे?" सांगितलं. "आडनाव काय म्हणालात?" आमच्या आडनावावरून लगेच कळत नाही, म्हणून पुढचा प्रश्न, "तुमच्याकडे देव कोणते?" आम्ही बौद्ध आहोत, म्हणालो. समोरचा हसला, "हो का, छान," आणि त्यानंतर आम्हाला त्या घरचं बोलावणं आलं नाही. बायकोने दोन वर्षं स्वतःला विचारलं की आपलं काय चुकलं. तिला समजावताना मला माझ्या आईचा चेहरा दिसायचा. गावी तिने हेच वेगळ्या शब्दांत ऐकलं होतं.

कामाच्या जागी गोऱ्या सहकाऱ्यांना यातलं काही दिसत नाही. त्यांना आम्ही सगळे सारखेच. शाकाहाराच्या गप्पांतून, पाठीवर थोपटताना बोटांनी जानवं चाचपण्यातून काय चाललंय हे त्यांना कसं कळणार? फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटलने जातिभेदाला कायद्याने मनाई केली, अमेरिकेतलं असं पहिलं शहर. नगर परिषदेच्या त्या बैठकीत बोलायला लोक थंडीत तासन् तास रांगेत उभे होते. विरोधात बोलणारेही आपलेच होते. त्यांचं म्हणणं, यामुळे इथे आपली बदनामी होते. मला एवढंच विचारायचं होतं की 'आपली' म्हणजे कुणाची? त्याच वर्षी कॅलिफोर्नियात असं विधेयक मंजूर होऊन गव्हर्नरच्या नकाराधिकारामुळे अडकलं.

बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात आले, तेव्हा बावीस वर्षांचे होते. तिथल्या लेमन ग्रंथालयात त्यांचा अर्धपुतळा आहे. मुलगी सातवीत असताना तिला घेऊन गेलो. देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सहा तासांचा विमानप्रवास, फक्त त्यासाठी. आजूबाजूला मुलं डोकं खाली घालून अभ्यास करत होती. मुलगी हळूच म्हणाली, "बाबा, इथे बोलायचं नसतं." आम्ही दोघं न बोलता उभे राहिलो. मग तिने बॅगेतून आपलं पुस्तक काढलं आणि तिथेच एका टेबलावर तासभर वाचत बसली.

फ्रीमाँट, कॅलिफोर्निया, २००८ पासून

मुलगा चार वर्षांचा असताना आलो. नवरा एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर, मी आणि मुलगा त्याच्यावर अवलंबून म्हणून एच-फोर व्हिसावर. मी पुण्यात अकरा वर्षं बँकेत होते. इथे सात वर्षं कामाची परवानगीच नव्हती. २०१५ च्या नियमाने ती मिळाली. ग्रीन कार्डाची, म्हणजे इथे कायम राहण्याच्या परवान्याची, रांग मात्र हलत नाही, कारण कुठल्याही एका देशाला साधारण सात टक्क्यांहून जास्त कार्डं देत नाहीत. मुलगा एकवीसचा झाला की तो आमच्यावर अवलंबून राहत नाही, म्हणजे त्याचा व्हिसाही संपतो. बालवाडीपासून इथे शिकलेल्या मुलाने कॉलेजच्या फॉर्मवर 'परदेशी विद्यार्थी' लिहिलं. त्याला वंशाचा रकाना खटकला नाही. हा खटकला. तो खोलीत गेला आणि जेवायला आला नाही. या विषयावर अजून मला धड बोलता येत नाही.

ह्यूस्टन, जन्म इथलाच

माझं मराठी घरातलं आहे, आईने हे तपासलं आहे. मी नर्स आहे. एका रात्री मला दुसऱ्या वॉर्डमध्ये बोलावलं, "तू इंडियन आहेस ना, पेशंट हिंदी बोलतोय." मला हिंदी येत नाही, तरी गेले. ते आजोबा मराठीत बोलत होते. स्ट्रोकनंतर त्यांचं इंग्लिश गेलं होतं. ते म्हणत होते, "कूस वळवा, कूस वळवा." ते ऐकून कुणीतरी फळांचा ज्यूस आणून ठेवला होता.

मला 'कूस' माहीत होतं, कारण माझी आजी शेवटी आमच्याकडे होती. आम्ही त्यांना वळवलं. मला वैद्यकीय मराठी येत नाही. मी आजी मला विचारायची तसंच विचारलं, "दुखतंय का? कुठे? बाऊ झालाय का?" त्यांनी माझा हात धरला आणि विचारलं, "कुणाची गं तू?"

हे मला इथे सगळे विचारतात, वेअर आर यू फ्रॉम, आणि मला राग येतो. त्या रात्री नाही आला. मी आईचं माहेरचं नाव सांगितलं.

एडिसन, धागा काढणारी

सगळं लेकीला वाचून दाखवलं. कॅलिफोर्नियाच्या ताई, तुम्हाला काय लिहावं कळत नाही. मुलाला माझा नमस्कार सांगा.

आम्ही परवा न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सीला जाऊन आलो, आनंदीबाई जोशींच्या समाधीवर. १८८३ मध्ये त्या आल्या तेव्हा ज्या कार्पेंटर कुटुंबाकडे राहिल्या, ते रोझेल गाव आमच्या घरापासून अर्ध्या तासावर आहे. १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या, पुढच्या वर्षी पुण्यात वारल्या, आणि अस्थी इथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत आल्या. दगडावर लिहिलंय, शिक्षणासाठी भारत सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री. लेकीने विचारलं, ब्राह्मण का लिहिलं, नुसतं डॉक्टर पुरलं नसतं का? सिएटलच्या दादांचं लिहिणं वाचलं नसतं तर मी 'तेव्हा तशी पद्धत होती' म्हणून विषय संपवला असता. परतीच्या वाटेवर दोन तास आम्ही त्यावरच बोललो. माझ्या माहेरच्या स्वयंपाकघरात कोणाचा कप वेगळा ठेवलेला असायचा, हेही सांगितलं. सोपं गेलं नाही.

फॉर्म अजून टेबलावरच होता. त्याच्या शेवटच्या पानावर एक प्रश्न असतो, घरी कोणती भाषा बोलता. मी तो नेहमी घाईत भरते. ते पान लेकीने स्वतःकडे ओढलं आणि देवनागरीत लिहिलं, मराठी. 'ठी'ची वेलांटी आधी ऱ्हस्व होती, ती खोडून दीर्घ केली. शाळेत वाचता यावं म्हणून खाली इंग्रजी अक्षरांत पुन्हा लिहिलं.