दादाचं वजन 138 किलो. वजन उतरवायच्या शस्त्रक्रियेत स्लीव्ह, बायपास की मिनी बायपास? मदत हवी आहे

नमस्कार. माझ्या मोठ्या भावासाठी लिहितेय. वय 44, उंची 170 सेंमी, वजन 138 किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) 47 च्या पुढे. बार्शीजवळच्या आमच्या गावात त्याची पिठाची गिरणी आहे. घरातल्या काट्यावर त्याचं वजन मावत नाही, म्हणून तो गिरणीतल्या पोती मोजायच्या काट्यावर उभा राहतो, तेही दुपारी गिऱ्हाईक नसताना. मधुमेहाला 9 वर्षं झाली, गोळ्या आणि रात्रीचं इन्सुलिन चालू असूनही एचबीए1सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) 9.1 आहे. बीपी आहे. झोपेत श्वास अडकतो, त्यासाठी मास्कमधून दाबाने हवा देणारं सीपॅप मशीन घेतलंय. पण रात्री लाइट गेली की मशीन बंद पडतं, आणि वहिनी उठून त्याला भिंतीला टेकवून बसवते.

"आधी खाणं कमी करून बघा" असं कृपया लिहू नका. पहाटे पाचला गिरणी उघडणारा माणूस आहे, आळशी नाही. आहारतज्ज्ञांकडे जाऊन त्याने 11 किलो उतरवले होते, वर्षभरात 15 चढले. गेल्या वर्षी टिर्झेपाटाइड या साखर आणि वजन कमी करणाऱ्या औषधाची इंजेक्शनं चार महिने घेतली. भूक कमी झाली, वजनही उतरू लागलं, पण दर महिन्याचा खर्च झेपेना. बंद केल्यावर भूक पुन्हा पहिल्यासारखी. म्हणून शस्त्रक्रिया करायची हे घरात ठरलंय. कोणती करायची, तिथे अडलोय.

पुण्यातले सर्जन म्हणाले स्लीव्ह. सोलापूरचे म्हणाले मिनी बायपास. दोघांनीही नीट वेळ दिला, दोघंही अनुभवी वाटले.

मला समजलंय ते असं, चुकत असेन तर सांगा. स्लीव्हमध्ये जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग कापून काढतात आणि केळ्याएवढी नळी उरते. भूक चाळवणारं घ्रेलिन मुख्यतः त्या काढलेल्या भागात तयार होतं, त्यामुळे भूकही मंदावते. आतड्याला हात लावत नाहीत. पण कापलेलं पुन्हा जोडता येत नाही. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला साधारण 30 मिलिची पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात, त्यात दोन जोड येतात. मिनी बायपासमध्ये पिशवी लांबट असते आणि जोड एकच, त्यामुळे शस्त्रक्रिया लवकर उरकते, पण पित्त उलटं वर येऊ शकतं. पुण्याच्या डॉक्टरांनी हे सगळं प्रिस्क्रिप्शनच्या मागे पेनने काढून दाखवलं. दादाने तो कागद घडी करून खिशात ठेवलाय, घरी येईल त्याला उघडून दाखवतो.

आता खरी अडचण. दादाला जळजळीचा जुना त्रास आहे. एंडोस्कोपीत हायटस हर्निया (जठराचा वरचा भाग छातीत सरकलेला) आणि अन्ननलिकेला ग्रेड बी (ए ते डी यांतली दुसरी पायरी) सूज निघाली. स्लीव्हने हा त्रास वाढतो असं वाचलं. फिनलंडमध्ये 2008 ते 2010 या काळात 240 जणांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं स्लीव्ह किंवा बायपास वाटून दिलं होतं. दहा वर्षांनी पाहिलं तर अन्ननलिकेला सूज स्लीव्हवाल्यांत 31 टक्के आणि बायपासवाल्यांत 7 टक्के. वजन बायपासने थोडं जास्त उतरलं, मधुमेहात मात्र ठळक फरक दिसला नाही. हे वाचून मी बायपासच्या बाजूने झाले.

पण दादाचे गुडघे गेलेत आणि तो जवळजवळ रोज डायक्लोफिनॅक ही दुखण्याची गोळी घेतो. तंबाखू चार महिन्यांपूर्वी सोडली. वहिनीही सांगते की सुटली आहे, पण वीस वर्षांची सवय, म्हणून धास्ती वाटते. बायपासनंतर या दोन्ही गोष्टींनी जोडाच्या जागी अल्सर होतो म्हणे. पुण्याच्या डॉक्टरांचा स्लीव्हचा आग्रह याच कारणाने आहे.

आणखी एक. आमचं घर माळकरी. अंडंसुद्धा नाही. शस्त्रक्रियेनंतर रोज 60 ते 80 ग्रॅम प्रथिनं लागतात, तीही चार-चार घासांतून. बी12 आत्ताच कमी आहे. एकादशीला साबुदाणा चालेल का, असं दादाने पहिल्याच भेटीत विचारलं होतं. कुणी शाकाहारी, शक्यतो माळकरी, यातून गेलं असेल तर रोज काय खाता ते सविस्तर लिहा. आणि जळजळ असताना स्लीव्ह केलेल्यांनीही लिहा, चांगलं-वाईट दोन्ही.

प्रतिसाद 1

ताई, माझं 2017 मध्ये स्लीव्ह झालं, तेव्हा 126 किलो होते. आधी थोडी जळजळ होती, डॉक्टरांनी चालेल म्हटलं. पहिली दोन वर्षं सुखाची गेली, 41 किलो उतरले. मग रात्री आडवं झालं की आंबट पाणी नाकापर्यंत यायचं. तीन उशा लावून झोपायचे. शेवटी 2022 मध्ये त्याचा बायपास करून घेतला, आता गोळी लागत नाही. सगळ्यांना असं होत नाही, माझ्या नणंदेचं स्लीव्ह उत्तम आहे. पण ग्रेड बी सूज आणि हर्निया दोन्ही असताना मी तरी दादांना स्लीव्ह सुचवणार नाही.

प्रतिसाद 2

मी शाकाहारी, मिनी बायपास होऊन चार वर्षं झाली. सोलापूरच्या डॉक्टरांना विचारा, किती सेंटिमीटर आतडं वगळणार, म्हणजे अन्न किती आतडं सोडून पुढे जाणार? फ्रान्समधल्या 2019 च्या अभ्यासात 200 सेंमी वगळलं होतं, त्यात जुलाब आणि पोषणाच्या तक्रारी साध्या बायपासपेक्षा जास्त निघाल्या. माझं 150 ठेवलंय. अंडं नसेल तर आतडं जास्त वगळू देऊ नका.

खाणं: सकाळी व्हे (दुधातल्या प्रथिनांची) पावडर ताकात, नऊला मूगडाळीचं धिरडं पनीर घालून, दुपारी आधी घट्ट वरण आणि सोयाबीनच्या वड्या, मग जागा उरली तर अर्धी भाकरी. पाणी जेवणाआधी किंवा अर्ध्या तासाने, घोट घोट. लोह, बी12, कॅल्शियम, डी जन्मभर. मी एकदा दोन महिने लोह टाळलं तर हिमोग्लोबिन 8 वर आलं. एकादशीला साबुदाणा नको, नुसता स्टार्च आहे. दही, पनीर, राजगिरा चालतो. आणि उलट्या थांबत नसतील तर घरी बसू नका, बी1 कमी पडून नसांवर परिणाम होतो.

प्रतिसाद 3

विमा आहे का? असेल तर आधीच मंजुरी मागा. विमा नियामक आयआरडीएआयच्या 2019 च्या नियमांत बीएमआय 40 किंवा जास्त असेल, किंवा 35 किंवा जास्त असून सोबत गंभीर आजार असतील तर ही शस्त्रक्रिया विम्यातून वगळता येत नव्हती, पण प्रतीक्षा कालावधी आणि पॉलिसीतल्या बाकी अटी पूर्ण व्हायला हव्यात. दादा बसतात यात.

धागाकर्ती

तिघांचे मनापासून आभार. विमा चार वर्षं जुना आहे, उद्याच अर्ज करते. प्रतिसाद 1 दादाला फोनवर वाचून दाखवला. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "उशा तर मला आत्ताच तीन लागतात."

गुडघ्यांसाठी हाडांच्या डॉक्टरांना भेटलो. डायक्लोफिनॅक बंद करून पॅरासिटामॉल आणि फिजिओथेरपीवर ठेवलंय, सहा आठवडे बघायचं. हे जमलं आणि तंबाखूही लांब राहिली तर बायपासला हरकत नाही असं आता पुण्याचे डॉक्टरही म्हणतात, तोवर रोज संध्याकाळी गिरणी बंद करून दादा वहिनीबरोबर वेशीपर्यंत चालतो. परवा मारुतीच्या देवळापर्यंत न थांबता गेला. मिनी की साधा, एवढंच आता ठरायचंय. सोलापूरला सोमवारी जातोय. सेंटिमीटरचा प्रश्न त्या कागदाच्या मागे लिहून ठेवलाय. आणखी काय विचारू, ते रविवारपर्यंत सांगा.