डेव्हिड बर्नचं म्हणणं: जागेच्या मापाचं गाणं

रवमापी:
टॉकिंग हेड्स या अमेरिकन रॉक बँडच्या डेव्हिड बर्नने २०१० च्या टेड व्याख्यानात मांडलं होतं की गाणं नुसतं आतून उचंबळून येत नाही, ते जिथे वाजणार त्या जागेच्या मापाने बेतलं जातं. इथल्याच कालच्या एका पोस्टने 'हा प्रतिभेचा अपमान' म्हणून ते झटकून टाकलं. अहो, हिशोब तरी करा! सभागृहाचा घुमारा २ सेकंदांचा, म्हणजे आवाज ६० डेसिबल उतरायला २ सेकंद. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत पाव मात्रेला १२५ मिलिसेकंद मिळतात. पुढच्या पाव मात्रेचा आघात पडतो तेव्हा आधीचा जेमतेम पावणेचार डेसिबल उतरलेला असतो. सगळा चिखल. घुमारा अर्ध्या सेकंदावर आणा, १५ डेसिबल उतरतात आणि गिटारचा तुकडान् तुकडा सुटा ऐकू येतो. न्यूयॉर्कच्या बॉवरीवरचं सीबीजीबी हा अरुंद, माणसांनी ठासलेला क्लब. १९७५ मध्ये टॉकिंग हेड्सची मंडळी तिथे वाजवायला लागली, ती अशीच कोरडी, तुटक गाणी घेऊन. कॅथीड्रलमध्ये त्यांचं काय झालं असतं?

षड्जपंचम:
गणित बरोबर, निष्कर्ष उलटा. जर्मन संगीतकार वाग्नरने बायरॉइटला बांधवून घेतलेलं नाट्यगृह १८७६ ला उघडलं. तिथे झालेल्या 'रिंग' या ऑपेरामालिकेचा पहिला भाग त्याने १८५४ लाच पुरा केला होता. आधी संगीत, मग तिथला वाद्यवृंद झाकणारा खड्डा. आणि टॉकिंग हेड्सचा १९८० चा अल्बम 'रिमेन इन लाइट'? बहामातल्या कंपास पॉइंट स्टुडिओत एकाच स्वरावर फिरणारे तुकडे वाजवून थर चढवले. मग मिक्सरवर कुठला ट्रॅक उघडा, कुठला बंद, एवढ्यावर कडवं आणि ध्रुवपद वेगळं केलं. बँडच्या चौघांना ते रंगमंचावर पेलेना, म्हणून नऊ जणांचा ताफा झाला. इथे जागेने काय घडवलं?

रवमापी:
वाग्नरचं मान्य. पण त्याच्या पाठीशी राजा होता. बाकीच्यांना मिळेल त्या जागेतच वाजवावं लागतं. आणि टेप हीसुद्धा जागाच आहे.

खरजातली:
'तुकडे वाजवून थर चढवले'. कोणी वाजवले? नाव घ्यायला काय होतं? टीना वेमथची बेस गिटार, क्रिस फ्रँट्झचे ड्रम्स, जेरी हॅरिसनचे कीबोर्ड. स्वरसंगती बदलतच नाही अशा गाण्यात बेस आणि ड्रम्सची गुंफण हीच चाल. तरी पहिल्या आवृत्तीच्या वेष्टनावर रचनेचं श्रेय मुख्यतः बर्न आणि अल्बमचा निर्माता ब्रायन ईनो यांचं. पाचही नावं आली ती पुढच्या आवृत्त्यांत. गाणं कसं घडतं यावर बोलणाऱ्या बर्नला आधी हे विचारा.

षड्जपंचम:
हा विषय नव्हता. तरी सांगतो: रचनेचं श्रेय रूढीने शब्दांना आणि गायच्या चालीला मिळतं, बेस वाद्यमेळात धरतात. बर्नने त्या थरांवर आधी निरर्थक अक्षरं गायली, मग रेडिओवरच्या धर्मोपदेशकांच्या ढंगाने शब्द बसवले. आपल्याकडेही 'स्वयंवर'च्या चाली भास्करबुवा बखल्यांच्याच म्हणतो, त्यातल्या कित्येक जुन्या बंदिशींवर उभ्या असूनही.

खरजातली:
हे उदाहरण तुमच्याच विरोधात जातंय. बंदिशीची चाल आधीपासून हाताशी असते. इथे बेस आणि ड्रम्सच्या आधी काहीही नव्हतं! रूढी ज्यांच्या सोयीची, तेच ती पुढे करतात.

षड्जपंचम:
आवाज चढवू नका. बरं, त्याच अल्बममधल्या 'वन्स इन अ लाइफटाइम'मधून बेस काढला तर बर्नचं बोलणं उरतं, गाणं उरत नाही. तेवढं कबूल. पण ईनोला खाली ओढू देणार नाही. ट्रॅक उघडझाक करून कडवी पाडणं हीही रचनाच.

खरजातली:
ओढत नाहीये. पाच नावं म्हणतेय, पाचात तो आहेच.

रवमापी:
जरा जागेकडे या. बर्नचा २०१९ चा ब्रॉडवेवरचा संगीताचा कार्यक्रम 'अमेरिकन युटोपिया' घ्या. रंगमंचावर वायर नको, अँप्लिफायर नको, ड्रमचा चबुतरा नको असं ठरलं. मग एका ड्रमसेटचं काम वाटून अनेक वादकांच्या अंगावर बांधावं लागलं. आधी जागा मोकळी झाली, ताल नंतर वाटला गेला.

षड्जपंचम:
आणि त्यातही 'वन्स इन अ लाइफटाइम' होतंच. १९८० चं, टेपवर जन्मलेलं.