लहान शहरात घर घेताना : आधी घर की आधी वस्ती?

मुलुंडकर

निवृत्तीनंतर मुंबई सोडून सांगलीला स्थायिक व्हायचे, हे आमच्या घरात नक्की झाले आहे. मुलुंडची जागा विकून येणाऱ्या पैशांत सांगलीत ऐसपैस घर होते आणि म्हातारपणासाठी चार पैसे हाताशीही राहतात, हा हिशेब अनेक मुंबईकरांनी मांडलेला असतो. मात्र घर पाहायला गेलेली माणसे हॉल किती मोठा आहे, पार्किंग मिळते का, गॅलरी कोणत्या दिशेला आहे हे बारकाईने पाहतात आणि वस्तीचा विचार शेवटी, भाव ठरल्यावर, ओझरता करतात. माझे मत असे आहे की लहान शहरात आधी वस्ती ठरवावी आणि मग त्या वस्तीत जे घर मिळेल ते, थोडे लहान किंवा जुने असले तरी, घ्यावे.

यामागचे कारण मुंबईकराच्या लवकर लक्षात येत नाही. मुंबईत स्वतःचे वाहन नसलेला माणूस अडून राहत नाही. लोकल आहे, बेस्ट आहे, कोपऱ्यावर वाणी आणि औषधांचे दुकान आहे. लहान शहरात सगळा व्यवहार दुचाकीवर चालतो. साठीत स्कूटर चालवता येते, पण पंचाहत्तरीत ती सुटते, आणि त्या दिवसापासून भाजी, बँक, दवाखाना, वाचनालय यांतले जे पायी गाठता येईल तेवढेच आपले शहर उरते. म्हणून घर निवडताना दारातून निघून पंधरा मिनिटांत पायी काय काय गाठता येते, हा माझा पहिला निकष आहे.

सांगलीत हा निकष लावताना पुराचा विचार टाळता येत नाही. कृष्णेच्या पाण्याची पातळी आयर्विन पुलापाशी मोजतात. तेथे ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका मानला जातो. ऑगस्ट २०१९ मध्ये ती पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. त्याआधी २००५ मध्ये आणि नंतर जुलै २०२१ मध्येही तिने पन्नाशी ओलांडली. त्यामुळे गणपती मंदिर, बाजारपेठ आणि जुने वाडे असलेला गावभाग मनापासून आवडूनही आम्ही तो बाजूला ठेवला आहे. सांगली आणि मिरज यांच्या मधली, विलिंग्डन आणि वालचंद महाविद्यालयांच्या परिसरातली, उंचावरची विश्रामबाग आम्हाला योग्य वाटते. तेथे भाव जास्त आहेत, म्हणून घर लहान घ्यावे लागेल, आणि ते आम्हाला मान्य आहे. ज्यांचे मत वेगळे आहे त्यांनी ते कारणांसह मांडावे, ही विनंती.

गिरगावकर

माझे माहेर गावभागातले आहे, म्हणून मला हा निर्णय घाईचा वाटतो. आपण पायी पंधरा मिनिटांचा निकष सांगितलात आणि त्या निकषावर जी वस्ती सर्वांत वरची ठरते तीच वगळलीत. गावभागातून मंडई, देऊळ, नगर वाचनालय, सराफ, शिंपी, वैद्य असे सगळे पायी होते. माझी आई ऐंशीच्या पुढे आहे आणि आजही सकाळी एकटी देवदर्शन करून, भाजी घेऊन घरी येते, कारण वाटेतल्या प्रत्येक दुकानदाराला ती माहीत आहे. एखाद्या दिवशी ती दिसली नाही, तर दूधवाला दार वाजवतो. विश्रामबागेतल्या बंद फाटकाच्या इमारतीत ही चौकशी कोण करणार?

पुराविषयीही थोडे समजून घ्यावे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि माणसे रस्त्यातच अडकली. मुंबईकराच्या डोळ्यांसमोर पूर म्हटले की ते चित्र येते. कृष्णेचे पाणी तसे अंगावर येत नाही, ते हळूहळू चढते. कोयनेतून किती पाणी सोडले, आयर्विनला किती फूट झाले, याकडे गावभागातले प्रत्येक घर लक्ष ठेवून असते आणि किती फुटांना कोणत्या गल्लीत पाणी शिरते हे तिथल्या मुलांनाही पाठ असते. आमच्या घरी धान्याचे डबे, गाद्या आणि कागदपत्रे कोणत्या क्रमाने माडीवर न्यायची हे ठरलेले आहे. काही वर्षांतून एकदा येणाऱ्या संकटासाठी रोजचा शेजार सोडायचा का, हा प्रश्न आपण स्वतःला विचारावा.

मुलुंडकर

आपल्या आईंविषयी वाचून आनंद झाला, आणि शेजाराचे मोल मी कमी लेखत नाही. पण जुन्या अनुभवावर किती विसंबावे याबद्दल मला शंका आहे. सांगलीजवळ हरिपूरला, कृष्णा-वारणेच्या संगमाच्या परिसरात, जमिनीखाली खोल पेवे खणून हळद साठवण्याची पद्धत होती. पेवात हळद वर्षानुवर्षे कोरडी राहते, हा पिढ्यांचा अनुभव होता. २००५ च्या महापुरात तीच पेवे पाण्याखाली गेली. पिढ्यानपिढ्या ज्यांनी जमीन जोखली त्यांचाही अंदाज जिथे चुकला, तिथे ‘आमच्या पायरीपर्यंतच पाणी येते’ या शब्दावर बाहेरून आलेल्या माणसाने आयुष्याची पुंजी लावू नये.

दुसरा मुद्दा माडीचा. मुंबईत सखल भागात पाणी भरले तरी भरती ओसरली आणि पाऊस थांबला की ते बहुधा दिवसभरात उतरते. कृष्णेचा पूर अनेक दिवस मुक्काम करतो, कारण वारणेलाही पूर असला की संगमापाशी कृष्णेच्या पाण्याला पुढे जायला वाव राहत नाही. इमारतीत आपण तिसऱ्या मजल्यावर असलो तरी विजेचे मीटर, पाण्याचा पंप आणि जमिनीखालची टाकी तळाशीच असते. घर कोरडे राहते, पण वीज नाही, लिफ्ट नाही, पिण्याचे पाणी नाही. अशा स्थितीत रक्तदाबाच्या रुग्णाने आठवडा काढायचा म्हणजे कठीण आहे. आणि एक गोष्ट नम्रपणे विचारतो : पूर आला की गावभागातली कुटुंबे आसऱ्याला जातात कुठे? पुष्कळ जण विश्रामबागेतल्या नातेवाइकांकडेच जातात.

गोरेगावकर

आपण दोघेही शहराच्या मधल्या भागातच का अडकून पडला आहात, हे मला कळत नाही. आयुष्यभर दोन खोल्यांत राहिल्यावर लहान शहरात जाऊनही पुन्हा सदनिकाच घ्यायची असेल, तर मुंबई सोडण्यात काय मिळवले? माझ्या मते माधवनगर किंवा कुपवाडच्या बाजूला बिनशेती भूखंड घ्यावा, चार खोल्यांचे बैठे घर बांधावे, पुढे अंगण आणि मागे दोन झाडे असावीत. सांगली ते मिरज हे अंतर जेमतेम दहा किलोमीटर आहे. रोज गोरेगावहून चर्चगेटला जाणाऱ्या माणसाला पाच-सहा किलोमीटर म्हणजे काहीच नाही, रिक्षा बोलावता येते आणि आता भाजी-किराणाही घरपोच येतो. शिवाय कडेची जागा आज स्वस्त आहे. शहर वाढेल तशी तिची किंमत वाढेल आणि मुलांना त्याचा उपयोग होईल. आज मधली वाटणारी विश्रामबागही एके काळी गावाबाहेरच होती.

दादरकर

गोरेगावकरांच्या अंगणाच्या इच्छेबद्दल मला आदर आहे, पण त्यांचा सल्ला मला धोक्याचा वाटतो. त्यामागे कागदपत्रांचे कारण आहे. सांगली-मिरज-कुपवाड महापालिका १९९८ मध्ये झाली. तिच्या हद्दीत आणि हद्दीलगत गुंठेवारीने पडलेल्या वसाहती फार आहेत. शेतजमिनीचे रेखांकन मंजूर न करता गुंठ्या-गुंठ्याने तुकडे विकले गेले, माणसांनी घामाच्या पैशांतून घरे बांधली आणि मग नियमितीकरणासाठी राज्याला २००१ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. अशा ठिकाणी रस्ता, गटार आणि नळ यांची वाट किती काळ पाहावी लागते, हे तेथील रहिवाशांना विचारावे. भूखंड दाखवणारा ‘एनए (म्हणजे बिनशेती) होऊन जाईल’ असे म्हणतो तेव्हा भूखंड अजून बिनशेती झालेला नाही एवढेच त्यातून समजावे. सातबारा, मंजूर रेखांकन, बिनशेतीचा आदेश आणि विकास आराखड्यात ती जमीन कोणत्या वापरासाठी आहे हे सांगणारा झोन दाखला हातात पडल्याशिवाय विसार देऊ नये.

त्यात जमिनीचाही प्रश्न आहे. त्या भागात काळी माती पुष्कळ आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते आणि पाया योग्य खोलीवर नेलेला नसेल तर बैठ्या घराच्या भिंतींना तडे जातात. शामरावनगरसारख्या सखल भागात नदी पात्रात असतानाही पावसाचे पाणी साठून राहते, कारण त्याला उतार मिळत नाही. म्हणजे पूररेषेच्या बाहेर असणे पुरेसे नाही.

मुलुंडकरांच्या निर्णयावरही माझा आक्षेप आहे. विश्रामबाग उंचावर आहे म्हणून तेथील प्रत्येक इमारत निर्धोक ठरत नाही. ‘रेरा’ या घरबांधणी प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याखालची नोंदणी ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडावरील आणि आठपेक्षा अधिक सदनिकांच्या प्रकल्पांना लागते. लहान शहरात चार-पाच गुंठ्यांवर सहा-आठ सदनिका बांधण्याची पद्धत सर्रास आहे आणि त्या इमारती या नोंदणीतून सुटतात. मुंबईकर मात्र महारेराचा, म्हणजे या कायद्याखालील राज्याच्या प्राधिकरणाचा, क्रमांक असणारच असे गृहीत धरून जातो. तेथे भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहण्यास योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला, आहे का, आधीच्या इमारतींत त्याच बिल्डरने सोसायटी स्थापन करून जमीन तिच्या नावे केली आहे का, हे स्वतः तपासावे लागते. माझे सांगणे इतकेच की आज काहीच घेऊ नका. एक पूर्ण पावसाळा भाड्याने राहा आणि मग ठरवा.

मुलुंडकर

कागदपत्रांविषयीची माहिती मोलाची आहे, विशेषतः लहान इमारतींची. पण भाड्याने राहण्याचा सल्ला आमच्या वयात पेलवत नाही. एकदा संसार हलवणे हेच मोठे काम आहे, ते दोनदा कसे करायचे? शिवाय मुलुंडची जागा विकल्यावर भांडवली नफ्यावरचा कर वाचवायचा, तर रक्कम घरात गुंतवावी लागते.

दादरकर

कराची अडचण आपण समजता तेवढी तातडीची नाही. आयकर कायद्यातील निवासी घराच्या सवलतीनुसार विक्रीनंतर तयार घर घेण्यासाठी दोन वर्षे आणि बांधण्यासाठी तीन वर्षे मिळतात. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत गुंतवली न गेलेली रक्कम बँकेतील भांडवली नफा खात्यात ठेवावी लागते, एवढे पथ्य मात्र पाळायला हवे. या मुदतीत एक पावसाळा सहज बसतो. संसार दोनदा हलवण्याचा त्रास होतो हे खरे. पण चुकीच्या वस्तीतले घर लहान शहरात लवकर विकले जात नाही, तेथे मुंबईसारखी गिऱ्हाइकांची रांग नसते, हेही तितकेच खरे आहे.

गोरेगावकर

गुंठेवारीचा मुद्दा मी मान्य करतो. पण त्यामुळे मंजूर रेखांकनातला स्वच्छ भूखंड वाईट ठरत नाही. कागद पाहून घ्यावा असे म्हणा, कडेला घेऊच नये असे म्हणू नका. सत्तरीत बागेत काम करणारा माणूस सदनिकेतल्या माणसापेक्षा जास्त काळ हिंडता-फिरता राहतो, असे मी माझ्या नात्यात पाहिले आहे, आणि त्यावर माझा विश्वास आहे.

गिरगावकर

पुरात आम्ही विश्रामबागेत आसरा घेतो, हे मुलुंडकरांचे म्हणणे बरोबर आहे. २०१९ मध्ये माझा भाऊ आईला घेऊन तिथेच गेला होता, आणि नगर वाचनालयाची भिजलेली पुस्तके पाहून ती रडली होती, हेही खरे आहे. पण पाणी ओसरल्यावर गल्लीतले सगळे जण परतले, एकमेकांच्या घरातला गाळ उपसला आणि भावाने वीजमीटर वर चढवून घेतले. घर विकण्याचा विषय आमच्याकडे निघाला नाही. कोणी ‘पाणी येत नाही’ म्हटले, तर मुलुंडकरांनी त्या शब्दावर विसंबू नये, हे मलाही पटते. महापालिकेत निळी (अधिक वेळा येणाऱ्या पुराची) आणि लाल (क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराची) पूररेषा नकाशावर पाहावी, आणि २००५ व २०१९ चे पाणी कुठवर आले होते हे घराच्या भिंतीवर बोट ठेवून दाखवायला सांगावे. गावभागातली माणसे ते लपवत नाहीत.

दादरकरांचा भाड्याने राहण्याचा सल्ला आपण स्वीकारावा असे मला वाटते, पण ते घर विश्रामबागेत घेऊ नका. आषाढ ते आश्विन गावभागात, माडीवरच्या दोन खोल्या भाड्याने घेऊन राहा. पाणी चढले तर त्याची झळ काय असते ते कळेल, आणि न चढले तर गणेशोत्सव आणि नवरात्र त्या गल्लीत कसे असते ते कळेल. त्यानंतरही आपल्याला विश्रामबागच हवी असेल, तर मी हरकत घेणार नाही.