तुरुंगाऐवजी दुसरी शिक्षा मिळते का? प्रोबेशन, स्थगिती, समाजसेवा... सगळा गोंधळ झालाय

पिंपळपान:
माझा चुलत भाऊ २० वर्षांचा आहे, भांडणात समोरच्या मुलाचा हात मोडला त्याच्याकडून, आणि आता कोर्टाने दोषी धरलंय. शिक्षा किती ते पुढच्या तारखेला. आधीची एकही केस नाही, आयटीआयचं शेवटचं वर्ष चालू आहे. घरात जो तो वेगळं सांगतोय, काका म्हणतात नवीन कायद्यात समाजसेवेची शिक्षा आलीये ती मागा, कोणी म्हणतं शिक्षेला स्थगिती मिळेल, कोणी म्हणतं प्रोबेशन. हे सगळं एकच आहे का? आणि तुरुंगात गेलाच तर त्याचं पुढे काय होणार या विचाराने काकूला झोप नाही. प्लीज कोणाला नक्की माहीत असेल तर सांगा.

काळाकोट:
तिन्ही वेगळ्या गोष्टी आहेत, एकेक सांगतो.

समाजसेवा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत आली हे खरं, पण ती मोजक्या सहा गुन्ह्यांनाच आहे. पाच हजारांच्या आतली पहिलीच चोरी आणि माल परत केला तर, दारू पिऊन चारचौघांत धिंगाणा, अब्रुनुकसानी, असे. हात मोडणं म्हणजे गंभीर दुखापत, ते त्यात बसत नाही, त्यामुळे काकांना सांगा तिथे वेळ घालवू नका.

स्थगिती म्हणजे पेपरात येतं ना ‘शिक्षेला स्थगिती’, ते अपील चालू असेपर्यंत शिक्षा थांबवणं, अपील हरलात की आत जावंच लागतं. काही देशांत कोर्ट शिक्षा सुनावतानाच ती लटकती ठेवतं, नीट वागलास तर भोगावी लागणार नाही म्हणून, लोक त्याच्याशी गल्लत करतात.

तुमच्या कामाचं आहे ते प्रोबेशन. अपराधी परिविक्षा अधिनियम १९५८. कलम ४ खाली कोर्ट शिक्षा न सुनावता चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर, म्हणजे लेखी हमीवर, सोडू शकतं, जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी, आणि त्या काळात प्रोबेशन ऑफिसरच्या देखरेखीखाली ठेवू शकतं. बाँड मोडला तर परत बोलावून मूळ गुन्ह्याची शिक्षा देता येते. आणि वय २१ च्या आत असेल, गुन्ह्याला जन्मठेप नसेल, तर कलम ६ लागतं, म्हणजे तुरुंगात पाठवायचं असेल तर कोर्टाला कारणं लेखी द्यावी लागतात आणि त्याआधी प्रोबेशन ऑफिसरचा रिपोर्ट मागवावा लागतो. वय गुन्ह्याच्या दिवशीचं नाही, दोषी ठरवल्याच्या दिवशीचं बघतात, म्हणून जन्मदाखला आणि आयटीआयचे कागद वकिलांकडे आजच द्या. हा मुद्दा कोणी उचललाच नाही म्हणून पोरं आत गेलेली मी बघितलीत, फार जीव तुटतो.

पिंपळपान:
खूप आभार सर, रिपोर्टचं आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. प्रोबेशन मिळालं तर नोकरीचं काय होतं?

काळाकोट:
दोषी ठरल्याची नोंद पुसली जात नाही, फॉर्ममध्ये विचारलं तर लपवू नका. पण कलम १२ मुळे दोषसिद्धीने कायद्याने येणारी अपात्रता लागत नाही.

जुनीवही:
मी बरीच वर्षं तुरुंगातल्या कैद्यांच्या घरच्यांसाठी काम केलंय. सहा महिन्यांची शिक्षा लहान वाटते पण तेवढ्यात कोर्स बुडतो, काम जातं, घरात भांडणं लागतात, आणि आत शिकायला काही मिळावं इतका तो काळ मोठाही नसतो. प्रोबेशनची सुरुवात वाचा कधीतरी, १८४१ साली बॉस्टनमधल्या जॉन ऑगस्टस नावाच्या एका चांभाराने कोर्टात एका दारुड्याचा जामीन स्वतः घेतला, तीन आठवड्यांनी त्याला शुद्धीवर परत कोर्टात उभा केला, आणि नंतर कितीतरी लोकांसाठी तेच करत राहिला. त्या दारुड्यामागे कोणी माणूस उभा होता म्हणून ते जमलं. तुमच्या भावामागे कोण उभं राहणार हे आधी ठरवा, नुसत्या बाँडच्या सहीने काही होत नाही.

उंबरा:
थोडं कडू बोलते, राग मानू नका. माझ्या भावाला असंच मारलं होतं, प्लेट घालावी लागली, चार महिने काम बंद. मारणाऱ्याला कोर्टाने सोडलं बाँडवर. आम्हाला कोणी विचारलंही नाही की तुमचा खर्च किती झाला. तुमच्या अख्ख्या प्रश्नात त्या हात मोडलेल्या मुलाबद्दल एकच ओळ आहे बघा.

काळाकोट:
ताईंचं बरोबर आहे. त्याच १९५८ च्या कायद्यात कलम ५ आहे, बाँडवर सोडताना नुकसानभरपाई द्यायला लावता येते, पण ते मागायला हवं ना कोणीतरी. कॅनडातल्या एल्मायरा गावात १९७४ मध्ये दोन पोरांनी एका रात्रीत २२ ठिकाणी तोडफोड केली होती, तर त्यांच्या प्रोबेशन ऑफिसरने सुचवलं आणि कोर्टाने त्यांना ज्यांचं नुकसान झालं त्यांच्या दारात उभं केलं, प्रत्येकाला भेटा आणि भरून द्या म्हणून. तुरुंगात बसण्यापेक्षा हे अवघड असतं माझ्या मते.

पिंपळपान:
उंबरा ताई, माफ करा, खरंच त्या मुलाचा विचार केला नव्हता आम्ही. भावाला आज विचारलं तर तो रडायलाच लागला. दवाखान्याचा खर्च द्यायची तयारी आहे. उद्याच त्यांच्या घरी जाऊन भेटू का?

काळाकोट:
नाही, थेट घरी अजिबात जाऊ नका, शिक्षा व्हायची आहे अजून, दबाव टाकायला आले असा अर्थ निघेल आणि त्यांनाही भीती वाटेल. भरपाई द्यायची तयारी आहे असं वकिलांमार्फत कोर्टापुढे लेखी द्या. भेटायचं की नाही ते त्या मुलाने ठरवू दे.