सोमवार ते शनिवार जीन्स-टीशर्ट चालू द्यावं का? बेळगाव, खानापूर, निपाणी, अथणीकडची ऑफिसं (चर्चा)

टिळकवाडीकर

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या ऑफिसांत नोटीस बोर्डावर एकच वाक्य असतं: 'कर्मचाऱ्यांनी फॉर्मल पोशाखातच यावे.' शनिवारी तेवढी सूट. माझं म्हणणं, ही सूट रोजची करावी. ज्या टेबलापर्यंत गिऱ्हाईक येतच नाही, तिथं तर उद्यापासून.

खर्चाचं बघा. इस्त्रीला नगामागे १० रुपये धरले, तरी रोजचे दोन नग आणि महिन्याचे २५ दिवस म्हणजे ५०० रुपये. डेटा एंट्री करणाऱ्या पोराच्या पगारात हे ५०० रुपये ठळक दिसतात. पिकेचा, म्हणजे बारीक जाळीदार विणीच्या कापडाचा, कॉलरवाला टीशर्ट धुऊन झटकून हँगरला लावला की काम झालं. दुसरं, आपला पावसाळा. शहरातून मच्छे किंवा उद्यमबागच्या कारखान्यांकडे दुचाकीवरून जाणाऱ्याची पँट गुडघ्याखाली भिजलेली असते, रेनकोट कितीही चांगला असो.

आणि हे काही कालचं खूळ नाही. हवाईत १९६० च्या दशकात शुक्रवारी फुलाफुलांचे शर्ट घालून ऑफिसला जायला लागले. १९९२ साली लिव्हायस कंपनीनं 'ऑफिसात साधे कपडे कसे घालावेत' याची पुस्तिका अमेरिकेतल्या सुमारे २५ हजार एचआर मॅनेजरांना पाठवली. जपान सरकारनं २००५ च्या उन्हाळ्यात कोट-टाय उतरवायला आणि एसी २८ अंशावर ठेवायला सांगितलं. काम कुठंच बंद पडलं नाही.

सौहार्द काउंटर

साहेब, दाखले तुम्ही तुमच्याच विरुद्ध दिले की ओ. हवाईचा शर्ट तिथल्या कापडवाल्यांनी माल खपावा म्हणून पुढे आणला. लिव्हायसला तर खाकी पँटी विकायच्या होत्या. जपानचं कारण वेगळं, ते वीज वाचवायला होतं. जाहिरात म्हणजे पुरावा नव्हे.

आता सोसायटीच्या काउंटरचं बोलू. ठेवीदार कडोलीहून, येळ्ळूरहून येतो आणि पासबुकात गुंडाळलेले पैसे खिडकीतून आत सरकवतो. आतला माणूस संस्थेचा आहे हे त्याला विचारावं लागू नये. ड्रेस इथं इभ्रतीसाठी नाही, रोकड सांभाळायला आहे. कॅशच्या जाळीआड चारही जण ठरल्या रंगाच्या शर्टात असले, की पाचवा आत शिरलेला लांबून कळतो. सगळेच रंगीबेरंगी टीशर्टात असले, तर गर्दीच्या दिवशी स्टाफ कोण नि गिऱ्हाईक कोण हे मॅनेजरलाही केबिनमधून दिसत नाही.

पिग्मीवाल्यांचं तर जास्तच. सिंडिकेट बँकेनं १९२८ मध्ये पिग्मी ठेव सुरू केली तेव्हापासून कर्नाटकात रोज दारात येणाऱ्या माणसाला पैसे द्यायची सवय लागली आहे. एजंट बदलला की दुकानदार आधी कपडे आणि ओळखपत्र बघतो, मशीनची पावती मग. रविवार पेठेत तासाभरात पंचवीस-तीस दुकानं फिरणाऱ्याला प्रत्येक ठिकाणी ओळख सांगत बसायला वेळ नसतो.

वडगाव माग

दोघंही कापड न बघता बोलायला लागलाय.

पिकेला इस्त्री लागत नाही हे अर्धं खरं. टीशर्टची कॉलर वेगळी विणून अंगाला जोडलेली असते. कॉलर आणि अंग धुण्यात वेगवेगळं आटलं, की टोकं वर वळतात आणि आठ-दहा धुण्यांत नवा टीशर्ट जुना दिसतो. संस्थेनं एकत्र माल घ्यायचा असेल तर २२० ते २४० जीएसएमचं (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचं) पिके घ्या. १६० चं घेऊ नका. ते अंगाला चिकटतं, आतली बनियन दिसते आणि त्यावर लोगोची एम्ब्रॉयडरी केली की भोवती चुण्या पडतात, कारण तेवढे टाके पेलायची ताकदच त्या कापडात नसते. एम्ब्रॉयडरी करायचीच तर मागून कागदी अस्तर लावून घ्या आणि आत भरीव रंगाचे मोठे चौकोन टाळा. मोठा लोगो छापलेला असेल तर त्यावरून गरम इस्त्री फिरवायची नाही, उलटा करून फिरवायची. छाप जाड असली की तिला भेगा पडतात, मग ना धड लोगो ना धड टीशर्ट.

ऑर्डर देण्याआधी एक तपासणी करा. कापडावर ५० सेंमीचा चौकोन न पुसणाऱ्या पेनानं आखा, तीनदा धुऊन वाळवा, पुन्हा मोजा. कुठल्याही बाजूला अडीच सेंमीपेक्षा जास्त आटलं म्हणजे ५ टक्क्यांच्या वर गेलं. माल परत करा. सॅम्पल म्हणून पाठवलेला टीशर्ट नव्हे, ज्या तागातून माल शिवणार त्यातलंच कापड मागा.

शर्टवाल्यांनीही हुरळून जाऊ नये. स्वस्त शर्टाच्या कॉलरला बुडबुडे येतात ना, तिथं आतलं चिकटवलेलं अस्तर आणि वरचं कापड वेगवेगळं आटलेलं असतं. एकदा सुटलं की कितीही इस्त्री मारा, बसत नाही.

जीन्सचं म्हणाल तर निळीचा रंग सुताच्या बाहेरच्या थरावरच बसलेला असतो, म्हणून घासला की निघतो, ओला असताना जास्तच. फिक्या रंगाच्या कुशनच्या खुर्च्या असतील तर नवी गडद जीन्स दोन-तीनदा उलटी करून वेगळी धुतल्याशिवाय ऑफिसात आणू नका. मीठ किंवा व्हिनेगरच्या पाण्यात बुडवून निळीचा रंग पक्का होत नाही, बायका-पुरुष कुणीही सांगो.

उद्यमबाग शॉपफ्लोअर

तुमचं सगळं काउंटरवरचं झालं. बेळगावात निम्म्या 'ऑफिसांची' मागची दारं फाउंड्रीत नाहीतर मशीन शॉपमध्ये उघडतात. क्वालिटीवाला, पर्चेसवाला, अकाउंटंटसुद्धा दिवसातून चार फेऱ्या आत मारतो, त्याच कपड्यात.

तिथं गणित उलटं आहे. ज्याला तुम्ही फॉर्मल म्हणता ती पँट बहुतेक पॉलिस्टर-व्हिस्कोसची. पॉलिस्टर २६० अंशांच्या आसपास वितळतं आणि ओतायचं लोखंड १,४०० च्या आगेमागे असतं. ठिणगी पडली की कापड वितळून कातडीला चिकटतं, जखम खोल जाते. सुती जीन्स जळते, काळी पडते, पण चिकटत नाही. म्हणजे ओतकामाच्या बाजूला जायचं असेल तर साहेबाच्या क्रीझवाल्या पँटीपेक्षा पोराची साधी जीन्स बरी. अट एवढीच: शंभर टक्के सुती, न फाटलेली, पायाला दुमड नसलेली. दुमडीत ठिणगी अडकून राहते. पँट बुटाच्या वरून खाली आली पाहिजे, बुटात खोचलेली नको, नाहीतर थेंब सरळ बुटात. जाळीच्या कापडाचे स्पोर्ट शूज आत बंद. ओतकामाजवळ २०० जूलचा टो-कॅप (बोटांवरची टणक टोपी, तेवढा मार सोसणारी) असलेला, बिनलेसचा, झटक्यात निघणारा बूट. आणि प्रत्यक्ष ओतणाऱ्याला जीन्स पुरत नाही, त्याला अ‍ॅप्रन, लेग गार्ड, चेहऱ्यावर शील्ड लागतंच. उगीच कुणी अर्धं वाचून सूट घेऊ नये.

लेथ, ड्रिल मशीनपाशी टाय, ओढणी, सुटलेला फुल बाहीचा कफ, सैल हुडी यातलं काहीही नको. चकात (काम पकडून फिरवणाऱ्या भागात) कापडाचं टोक गेलं की हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही. ओळखपत्राची नाडी ओढल्यावर आपोआप सुटणाऱ्या क्लिपची घ्या, साधी नाडी गळ्यालाच ओढते. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम २२ नं चालत्या यंत्राची तपासणी किंवा तेलपाणी करणाऱ्याला अंगासरशी कपडे सांगितले आणि ते मालकानं पुरवायचे असंही लिहिलं. विमानाचे भाग करणाऱ्या शॉपमध्ये तर शर्टाच्या वरच्या खिशातलं पेनसुद्धा चालत नाही, कारण पेन किंवा तुटलेलं बटण जुळणीत पडलं की शोधत बसावं लागतं.

म्हणून आमच्या बाजूचा नियम फॉर्मल का कॅज्युअल असा होऊच शकत नाही. शॉपच्या फरशीवरच्या पिवळ्या पट्ट्याच्या अलीकडे काय आणि पलीकडे काय, एवढाच.

कोर्टकचेरी

थोडं विषयांतर. बार कौन्सिलच्या नियमांत पुरुष वकिलांना धोतर चालतं, जीन्स चालत नाही. उन्हाळ्यात काळ्या कोटाची सक्ती सुप्रीम कोर्ट आणि हायकोर्ट सोडून नसते. म्हणजे बेळगावच्या कोर्टात मे महिन्यात कोट नको, हायकोर्टाच्या धारवाड खंडपीठात पाहिजे. गळ्यातले पांढरे बँड मात्र दोन्हीकडे. जुन्या नियमांतही ऋतू आणि जागा बघून सवलत असते, एवढंच सांगायचं होतं.

खानापूर पावसाळी

जागेचं बोललात म्हणून. आपल्या एकाच जिल्ह्यात कणकुंबीचा पाऊस मिलिमीटरच्या हजारांत मोजायचा आणि अथणी-रायबागचा शेकड्यांत. हेड ऑफिसवाले शहरात बसून सगळ्या शाखांना एकच पत्रक काढतात, 'काळे लेदर शूज अनिवार्य.' खानापुरात जुलैमध्ये लेदरचा बूट दोन दिवस कपाटात राहिला की पांढरी बुरशी धरतो. तांबडी माती शिवणीत बसते आणि पॉलिशखालून परत वर येते.

पण टिळकवाडीकर, जीन्स हा पावसावरचा उपाय नाहीच. १२-१३ औंसाची जीन्स एकदा भिजली की इकडच्या हवेत दोन-दोन दिवस कंबरेच्या पट्टीत आणि खिशात ओली राहते, वास मारते, जांघेत खाज सुटते. इथं पातळ टेरिकॉटची पँटच बरी, पंख्याखाली रात्रीत वाळते. जून ते सप्टेंबर यायला रबरी सँडल किंवा गमबूट, आणि ऑफिसात ठेवलेला कोरडा जोड. त्यासाठी दाराजवळ चार फुटांचा जाळीचा रॅक आणि रेनकोटला खुंट्या लागतात. त्या कुणी देत नाही, पत्रक मात्र वेळेवर येतं.

अथणी चामडं

बुटांवरून एवढं चाललंय आणि पायताणाचं नाव कुणी काढेना. कोल्हापुरी चप्पल ऑफिसात का नको? २०१९ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं त्यात महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे चार जिल्हे आहेत. अथणी, निपाणीत घरोघरी होणारा माल बाहेरच्या देशात मिरवतो, आणि इथल्याच शाखेत 'चप्पल चालणार नाही' अशी पाटी. सीमाभागात पाट्यांवरून भांडणं कमी होती म्हणून आता पायावरून.

सौहार्द काउंटर

अण्णा, चपलेवर राग नाही. पॉलिश केलेल्या फरशीवर चामड्याचा तळ घसरतो, आणि कॅशची पेटी दोघांनी उचलून जिना उतरायचा असतो. त्याचं काय?

अथणी चामडं

त्याला खाली पातळ रबराचा तळ मारून घ्या, कुठलाही कारागीर मारून देतो. टाच उघडी राहते म्हणून जिन्यावर मागं पट्टा असलेलीच घ्या. खरी अडचण पाण्याची आहे. बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं चामडं पाणी पितं, तळ फुगतो, शिवणीची वादी सैल होते आणि पायाला तांबूस डाग पडतो. भिजलीच तर सावलीत उभी करून वाळवायची. उन्हात किंवा हीटरजवळ ठेवली की कडक होऊन चिरते. पुरती वाळल्यावर तेलाचं बोट फिरवायचं, निथळेल एवढं नाही, नाहीतर तळ मऊ पडतो. म्हणून खानापूरला पावसाळ्यात नको, हे मान्य. अथणीत मार्च ते मे बंद काळ्या बुटात पाय शिजतात, तिथं सक्ती कशाला? आणि करकर वाजणारी घेऊ नका, शेजारच्या टेबलाला डोकेदुखी.

एचआर बेळगाव

नियम लिहायचं काम करणाऱ्यांकडून थोडं. 'स्मार्ट कॅज्युअल' किंवा 'ऑफिसला शोभेल असा पोशाख' असं लिहिलं की तो नियम राहत नाही, सुपरवायझरची मर्जी होते. आणि ती मर्जी बायकांवरच जास्त चालते. पुरुषाच्या चुरगळलेल्या टीशर्टावर कुणी बोलत नाही, मुलीची कुर्ती गुडघ्याच्या वर आहे का हे मात्र तीन जण बघतात. मोजता येईल तेच लिहा: फाटलेलं नाही, मजकूर किंवा चित्र छापलेलं नाही, कॉलर किंवा बंद गळा, बाही खांद्याच्या खाली, घरात घालायची रबरी स्लिपर नाही. साडी, कुर्ती, जीन्स यातलं कुठलंही, तिची ती ठरवेल. मशीन शॉपच्या दारात ओढणी-पदर काढून ठेवायला सांगायचं तर आधी मापाचा अ‍ॅप्रन-कोट द्या, पुरुषाच्या मापाचा एल साइज सगळ्यांना नको. केस आत घ्यायला टोपीही.

युनिफॉर्म द्यायचा तर तीन जोड द्या. दोन जोडांत पावसाळा निघत नाही, एक अंगावर आणि एक ओला. आणि वर्षातून एकदाच कापड वाटून शिलाई पगारातून कापू नका. तिथूनच कुरबुर सुरू होते, मग दोष कॅज्युअलवाल्यांना.

टिळकवाडीकर

शॉपफ्लोअरचं आणि पावसाचं पटलं. जीन्सचा पावसाळी मुद्दा मागे घेतो, टीशर्टचा नाही. पण काउंटरवाल्यांना विचारतो, ओळख पटवायचीच असेल तर एका रंगाचा २४० जीएसएमचा टीशर्ट, छातीवर छोटा लोगो, हे शर्टापेक्षा कमी कसं? पिग्मीवाला तर उन्हात फिरतो.

सौहार्द काउंटर

एजंटांना चालेल, तिथं वाद नाही. पाठीवरही संस्थेचं नाव टाका म्हणजे दुचाकीवरून जाताना दिसेल. फक्त नोकरी सोडताना टीशर्ट परत जमा करून घ्यायचा नियम आधी करा. जुन्या एजंटाच्या अंगावर तोच टीशर्ट राहिला तर शर्टापेक्षा जास्त धोका. कॅश काउंटरला मात्र शर्टच. कर्ज वसुलीला घरी जाणाऱ्यांनाही शर्टच, तिथं लोक आधीच तापलेले असतात.

वडगाव माग

परत घेणार असाल तर प्रत्येकावर आतल्या बाजूला नंबर शिवून घ्या, शाईनं लिहिलेला चार धुण्यांत जातो. आणि रंग गडद निळा किंवा मरून निवडा. पांढऱ्यावर उन्हाळ्यात काखेचे पिवळे डाग पडतात, त्यावर ब्लीच टाकलं की आणखी पिवळे होतात.

टिळकवाडीकर

मरून नको, निम्म्या शाळांचा तोच आहे. बाटली हिरवा बघू.